रेस्क्यू करणारं माणूसच आजारी पडलं तर: खर्चाची मदत कशी उभी करायची, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तुमच्या ओळखीत प्राण्यांचं रेस्क्यू करणारं, म्हणजे जखमी, बेवारस प्राण्यांना वाचवून सांभाळणारं, असं एक तरी माणूस असेल. रात्री-अपरात्री फोन आला की टॉवेल आणि कॅरियर (प्राणी न्यायची पेटी) उचलून निघणारं, स्वतःचा चष्मा फुटला तरी तो महिनाभर तसाच वापरून कुत्र्याच्या एक्सरेला पैसे काढणारं. अशा माणसाला कॅन्सर, किडनी, हार्ट असलं काही मोठं निघालं की आजूबाजूच्या सगळ्यांनाच धावून जावंसं वाटतं, पण नेमकं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही, मग सगळे मिळून एक लिंक फिरवतात, दोन आठवड्यांत ती थंड पडते आणि ट्रीटमेंट मात्र वर्षभर चालू राहते. आमच्या ताईच्या वेळी (ब्रेस्ट कॅन्सर, घरात १९ मांजरं, ७ कुत्री, शिवाय बाहेर खाण्याची वाट बघणारी वेगळीच) मी हे पहिल्यांदा केलं आणि बऱ्याच गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्या, म्हणून क्रम लावून लिहितेय.

आधी प्राण्यांचं बघा, पैशांचं नंतर

उलटं वाटेल, पण खरंच इथूनच सुरू करा. ताईला ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि तिने ती दोनदा पुढे ढकलली. आम्हाला वाटलं पैशांमुळे. पैसे नव्हतेच, पण खरं कारण वेगळं होतं, एका डायबेटिसवाल्या बोक्याला दर १२ तासांनी इन्सुलिन लागायचं आणि ते टोचणारी ती एकटीच होती, किडनीच्या एका मांजरीला एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं असायचं, आणि अ‍ॅडमिट झालं तर हे कोण करणार याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं म्हणून ती गप्प बसून तारखा बदलत होती. आपण कितीही पैसे जमवले तरी हे उत्तर मिळाल्याशिवाय असं माणूस हॉस्पिटलात जात नाही, आणि गेलं तरी तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मागून घरी येतं.

तर पहिल्याच भेटीत "किती पैसे लागतील" हे विचारू नका. "सकाळी उठल्यापासून तू काय काय करतेस ते सांग, मी लिहून घेते" असं म्हणा आणि खरोखर वही घेऊन बसा.

यादी करताना प्रत्येक प्राण्याचा एक फोटो, नाव, ओळखायची खूण, वय, नसबंदी झालीय का, लसी कधी झाल्या, कुठलं औषध किती आणि कशात घालून दिलं की खातो, कोणाशी भांडतो, कुठे हात लावलेला चालत नाही, दार उघडं दिसलं की पळतो का, एवढं तरी हवंच. चौदा काळ्या मांजरांपैकी नेमकी औषधवाली कुठली हे तिला डोळे मिटून कळतं, आपल्याला कळत नाही, तेव्हा गळ्यात वेगवेगळ्या रंगाची कॉलर घाला. बाहेर फीडिंग असेल तर जागा आणि वेळ लिहून घ्या, आणि ती हिंडूफिरू शकतेय तोवर निदान चार-पाच दिवस तिच्यासोबत जा म्हणजे ती जनावरं तुमचा वास आणि आवाज ओळखायला लागतील. नुसतं खाणं ठेवून आलात तर लाजाळू मांजरं लांबूनच बघत बसतील.

मग माणसं वाटा. कोणी फक्त सकाळचं खाणं, कोणी फक्त व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) नेणं-आणणं, कोणी फक्त लिटर बॉक्स (मांजरांच्या शी-शूचा ट्रे). एकाच उत्साही माणसावर सगळं टाकलं तर तो तीन आठवड्यांत थकतो आणि फोन उचलणं बंद करतो, त्यात त्याची चूकही नसते. औषधं टोचणाऱ्या दोघीजणी हव्यातच, एकीला बरं नसलं तर दुसरी.

जे प्राणी घराबाहेर हलवता येतील त्यांना फॉस्टरकडे (तात्पुरतं सांभाळणाऱ्याकडे) पाठवा, पण घाई नको. लस न झालेली पिल्लं कुणाच्याही घरी सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस जमिनीवर, भांड्यांवर महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरेलच असं नाही, ब्लीच लागतं. नव्या मांजराला आधीच्या मांजरांपासून दोन आठवडे तरी वेगळ्या खोलीत ठेवायचं, एफआयव्ही आणि फेल्व्हची (मांजरांमध्ये एकमेकांकडून पसरणारे दोन व्हायरस) टेस्ट झाली नसेल तर ती करून घ्यायची. आणि फॉस्टरला एक गोष्ट बजावून सांगा की मांजर नवीन जागी लपून बसलं तर बसू दे, पण दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करायचा, कारण मांजर उपाशी राहिलं की त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते आणि जाड मांजरांमध्ये तर हे फार पटकन होतं.

नसबंदी राहिलेल्या माद्या असतील तर जमणाऱ्या पैशातला पहिला हप्ता तिकडे जाऊ दे. मांजर चार महिन्यांची असली तरी गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, म्हणजे सहा-आठ महिन्यांच्या ट्रीटमेंटमध्ये एका मांजरीची दोन बाळंतपणं सहज होऊन जातात. मग बरी होऊन घरी आलेल्या माणसापुढे आधीपेक्षा जास्त तोंडं.

तिचा फोन काढून घ्या

शब्दशः. रेस्क्यू करणाऱ्याचा नंबर शेकडो लोकांकडे असतो आणि त्यातल्या बहुतेकांना ती आजारी आहे हे माहीत नसतं. केमो चालू असताना ताईला दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे, कुत्र्याला गाडीने उडवलंय, खोक्यात पिल्लं सापडलीत, आणि ती अर्धवट बसून उत्तरं द्यायची, मग त्यातल्या एखाद्याचं पुढे काय झालं या विचाराने रात्रभर जागी. तिला नवीन नंबर घेऊन द्या जो फक्त डॉक्टर आणि घरच्यांकडे असेल, आणि जुना फोन आलटून पालटून दोन-तीन जणांनी सांभाळा. त्यावर एक ठरलेला मेसेज ठेवा की सध्या नवीन प्राणी घेता येणार नाही, जवळच्या या या लोकांना विचारा. "सध्या एकही नवीन नाही" हा नियम तिच्या तोंडून यायला हवा, तुमच्या नाही, म्हणून तिच्याशी आधी बोलून घ्या, तिला ते फार जड जातं, वेळ द्या.

दोन वेगळे डबे

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पहिल्या आवाहनाचे पैसे आम्ही सरळ ताईच्या खात्यावर टाकले. स्कॅनची तारीख आली तेव्हा कळलं की अर्धे पैसे एका अपघातातल्या कुत्र्याच्या पायात रॉड घालण्यात गेलेत. तिने लपवलं नव्हतं, विचारल्यावर लगेच सांगितलं, "तो ओरडत होता गं, आणि स्कॅन आठ दिवसांनी पण होतो." तिच्या जागी ते बरोबरच होतं, आयुष्यभर तिने हेच केलंय. पण ज्यांनी पैसे दिले त्यांनी तिच्या स्कॅनसाठी दिले होते, आणि स्कॅन लांबला.

त्यानंतर आम्ही दोन हिशोब केले. एक तिच्या ट्रीटमेंटचा, एक प्राण्यांचा. आवाहनातसुद्धा दोन वेगळ्या लिंक, देणाऱ्याने ठरवावं कुठे द्यायचं. काही लोक फक्त प्राण्यांसाठी देतात, काही फक्त माणसासाठी, आणि दोन्ही चांगलेच. ट्रीटमेंटचे पैसे शक्य तिथे सरळ हॉस्पिटलला, औषधवाल्याला, लॅबला भरायचे आणि प्राण्यांचे सरळ व्हेटला आणि खाणं पुरवणाऱ्याला, मधे कुणाच्याच खिशात नाही. याचा आणखी एक फायदा असा झाला की ताईला अपराधी वाटणं कमी झालं, प्राण्यांसाठी वेगळं आहे हे डोळ्यांनी दिसल्यावरच तिने स्वतःवरचा खर्च मान्य केला.

तिच्या नावाची नोंदणीकृत संस्था असेल तर जास्तच जपून. संस्थेला प्राण्यांसाठी आलेलं दान संस्थापकाच्या स्वतःच्या ऑपरेशनला वापरणं बहुतेक देशांत नियमात बसत नाही, भले सगळ्या विश्वस्तांची मनापासून संमती असो. तिच्या आजारपणाची मदत ही वेगळी, व्यक्तीला दिलेली मदत म्हणूनच गोळा करा आणि देणाऱ्यांना स्पष्ट सांगा की यावर टॅक्सची सूट साधारणपणे मिळत नाही. अजून एक, तिला उत्पन्न बघून मिळणारी कुठली सरकारी मदत चालू असेल किंवा मिळण्यासारखी असेल तर तिच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आल्याने ती अडकू शकते, तेव्हा पैसे यायच्या आधी एखाद्या अकाउंटंटला किंवा त्या ऑफिसात विचारा.

खात्यावर सह्या दोघांच्या ठेवा, आणि त्यातला एक तरी माणूस प्राण्यांच्या कामातला नसावा. कामातली माणसं हळवी असतात, मीही आहे, आणि समोर रक्त दिसलं की आपण डबा कुठला ते बघत नाही.

आकडा कसा काढायचा

हॉस्पिटलकडून एस्टिमेट लेखी घ्या आणि टप्प्याटप्प्याने मागा: तपासण्या, ऑपरेशन, केमो असेल तर एका सायकलचा (फेरीचा) खर्च आणि एकूण सायकली किती, रेडिएशनची सिटिंग किती, नंतरची महिनोन् महिने चालणारी औषधं, फॉलोअपचे स्कॅन. केमोची सायकल बऱ्याचदा दोन किंवा तीन आठवड्यांची असते, म्हणजे पैसे एकदम लागत नाहीत, ठराविक तारखांना लागतात, आणि हे कळलं की तुमच्यावरचं दडपणही निम्मं होतं. तारखांचं कॅलेंडर करा, त्यापुढे रक्कम लिहा.

एस्टिमेटमध्ये नसलेल्या गोष्टी जोडा. जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं राहणं, मधेच ताप येऊन अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर ते, घरभाडं, लाईट बिल. रेस्क्यू करणारी माणसं बहुतेक करून छोटी-मोठी कामं करून घर चालवत असतात, भरपगारी रजा कुठून असणार, काम थांबलं की उत्पन्न थांबलं. आणि जुनी उधारी. हे तिला विचारलं तरी ती सांगणार नाही, व्हेटकडे स्वतः जाऊन विचारा की काही बाकी आहे का. आमच्या बाबतीत दोन ठिकाणी होती आणि एका व्हेटनी तिथल्या तिथे ती खोडून टाकली, दुसऱ्यांनी हप्ते करून दिले. विचारलं नसतं तर ती बाकी तिच्या डोक्यात तशीच बसून राहिली असती.

आवाहन करायच्या आधी हॉस्पिटलशी बोला

लोकांकडे हात पसरण्यापूर्वी खर्च कमी होतोय का ते बघणं हे देणाऱ्यांच्या पैशाचाही मान राखणं आहे. मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतो, त्याला भेटा, कुठली योजना, कुठला निधी, कुठले फॉर्म हे त्याला आपल्यापेक्षा हजारपट माहीत असतं. डॉक्टरांना थेट विचारा की यातलं जेनेरिक किंवा बायोसिमिलर (महाग ब्रँडऐवजी तसंच काम करणारं स्वस्त औषध) चालेल का, कुठली तपासणी पुढे ढकलली तर चालेल आणि कुठली अजिबात नाही. कॅन्सरच्या महागड्या औषधांसाठी काही कंपन्यांचे पेशंटला मदत करणारे प्रोग्रॅम असतात, अर्ज डॉक्टरांमार्फत जातो. बिल आयटमप्रमाणे फोडून मागा आणि वाचा, एकच गोष्ट दोनदा लागलेली आम्हाला सापडली, दाखवल्यावर त्यांनी ती काढली. इन्शुरन्स असेल आणि क्लेम नाकारला गेला तर नाकारण्याचं कारण लेखी मागा आणि अपील करा, पहिला नकार म्हणजे शेवटचा शब्द नसतो. हे सगळं करायला एक शांत डोक्याचं, कागद सांभाळणारं माणूस नेमा. पेशंटने या रांगांमधे उभं राहू नये.

आता आवाहन

आधी तिची परवानगी. आजाराचं नाव लिहायचं की नाही, फोटो कुठला टाकायचा, हे तीच ठरवणार. हॉस्पिटलच्या कॉटवरचा, नळ्या लावलेला फोटो टाकला की जास्त पैसे येतात असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. टाकू नका. तिचा कुत्र्यांसोबतचा साधा फोटो टाका, तिला ओळखणारे लोक तिला तशीच ओळखतात.

क्राउडफंडिंगचा (ऑनलाइन अनेक लोकांकडून पैसे जमवायचा) प्लॅटफॉर्म निवडताना तीन गोष्टी बघा: प्रत्येक देणगीतून किती टक्के कापतात (प्लॅटफॉर्मची फी आणि पेमेंटची फी वेगळी असते), पैसे कधी आणि कुणाच्या नावावर काढता येतात, आणि ठरवलेली रक्कम जमली नाही तरी जमलेले पैसे मिळतात का, कारण काही ठिकाणी पूर्ण रक्कम झाली नाही तर एकही पैसा हातात येत नाही. आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा. अमेरिकेत एका मोठ्या प्लॅटफॉर्मवरच्या २०१६ ते २०२० या काळातल्या चार लाखांहून जास्त मेडिकल कॅम्पेन तपासल्या गेल्या तेव्हा ठरवलेली रक्कम गाठणाऱ्या सुमारे १२ टक्केच निघाल्या. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, लिंक टाकली म्हणजे काम झालं असं समजून बसू नये म्हणून सांगतेय. लिंक ही एक वाट, सगळी भिस्त तिच्यावर नको.

जास्त चालतं ते ओळखीच्या माणसाला एकेकट्याने केलेला फोन. तिने ज्यांना प्राणी अ‍ॅडॉप्शनला दिलेत त्यांची यादी काढा. आमच्या ताईच्या जुन्या वह्यांमधे दोनशेहून जास्त नावं निघाली, आम्ही रोज दहा जणांना फोन केला, आणि त्यांना फक्त एवढंच सांगितलं की तुमच्या घरी आलेलं ते पिल्लू ज्यांनी वाचवलं त्या आता आजारी आहेत. बहुतेकांनी पैशांआधी त्या प्राण्याचा आत्ताचा फोटो पाठवला, ते फोटो आम्ही हॉस्पिटलात तिला एकेक करून दाखवले आणि केमोच्या दिवशी तेवढा वेळ ती बरी असायची.

मेसेज कसा लिहायचा ते विचारतात म्हणून एक नमुना देते, यात तुमचे तपशील घाला:

"आपल्यापैकी अनेकांच्या घरी ताईंनी वाचवलेलं मांजर किंवा कुत्रं आहे. त्यांना कॅन्सर झालाय आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. ऑपरेशनला एवढे, त्यानंतरच्या सहा केमोंना प्रत्येकी एवढे लागणार आहेत, हॉस्पिटलचं एस्टिमेट सोबत जोडलंय. योजनेतून एवढे मिळालेत, एवढे कमी पडतायत. पैसे सरळ हॉस्पिटलला भरले जातील. प्राण्यांच्या खर्चासाठी वेगळी लिंक खाली आहे. दर रविवारी हिशोब टाकू. एकदम जमत नसेल तर महिन्याला थोडे थोडे, सहा महिने, हेही खूप उपयोगाचं आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका. पहिल्या आठवड्यात सगळेच देतात, पाचव्या केमोला कोणाला आठवत नाही. महिन्याला छोटी रक्कम कबूल करणारी पंचवीस माणसं मिळाली तर कॅलेंडरवरच्या निम्म्या तारखांची काळजी मिटते.

एस्टिमेट, रिपोर्ट जोडताना पेशंट नंबर, जन्मतारीख, सही, घरचा पत्ता, खातं क्रमांक झाका. घरचा पत्ता तर कुठेच, कधीच नाही. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना याचं कारण कळत नाही म्हणून सांगते, रेस्क्यूवाल्याचा पत्ता बाहेर पडला की लोक रात्री गेटवर खोक्यात पिल्लं ठेवून जातात, म्हातारी कुत्री बांधून जातात. ताई दुसऱ्या केमोनंतर घरी आली त्या पहाटे गेटपाशी पाच पिल्लं होती, दोन मेलेली. आमच्यातल्याच कोणीतरी "घरी जाऊन भेटा" म्हणून पत्ता शेअर केला होता, चांगल्याच हेतूने.

लिंक चालायला लागली की कोणी फोटो उचलून खोटी लिंकही काढतं. तेव्हा खरी लिंक आणि खरा क्यूआर कोड कुठला हे एकाच ठिकाणी पिन करून ठेवा आणि खोटी दिसली की लगेच प्लॅटफॉर्मला रिपोर्ट करा.

हिशोब

दर आठवड्याला, ठरल्या दिवशी. आले एवढे, गेले एवढे, कशावर गेले, उरले एवढे, बिलांचे फोटो. काहीच घडलं नसेल तरी "या आठवड्यात खर्च नाही" एवढं टाका. उरलेल्या पैशांचं काय होणार हेही पहिल्याच दिवशी लिहून टाका, नंतर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

घरात घेण्याची काळजी, कारण यावरही खर्च अवलंबून असतो

केमोमध्ये इन्फेक्शन झालं आणि अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर सगळं गणित कोसळतं, म्हणून हे पैशांच्याच लेखात लिहितेय. घरात किती आणि कुठले प्राणी आहेत हे तिच्या डॉक्टरांना खरं खरं सांगा. बरेच पेशंट लपवतात, डॉक्टर "सगळे काढून टाका" म्हणतील या भीतीने. बहुतेक डॉक्टर तसं म्हणत नाहीत, ते काळजी कशी घ्यायची ते सांगतात.

साधारण केमोनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या दिवसांत जास्त जपायचं. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला की रात्रीचे तीन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन, गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. लिटर बॉक्स तिने साफ करायचा नाही, आणि तो रोजच्या रोज साफ व्हायलाच हवा, कारण मांजराच्या शीतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला संसर्ग करण्याजोगं व्हायला १ ते ५ दिवस लागतात, त्याआधीच शी उचलली तर धोका खूप कमी होतो. छोटी पिल्लं तिच्या खोलीपासून लांब, ती खेळताना ओरबाडतात आणि मांजराच्या ओरखड्यातून बार्टोनेला नावाचा जंतू अंगात जातो, पिसवांचा बंदोबस्त त्यासाठीच महत्त्वाचा. कुत्र्यांना जखमा, सलाईनची जागा, तोंड चाटू द्यायचं नाही. प्राण्यांना कच्चं मांस देत असाल तर या काळात बंद, सॅल्मोनेला या जंतूचा धोका असतो.

चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर. रेस्क्यूवाले म्हणतात "माझे रेबीजचे डोस झालेत आधी", पण प्रतिकारशक्ती खूप कमी झालेली असताना ते पुरत नाही, अशा वेळी पूर्ण कोर्स आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) द्यावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. डॉक्टरांना केमो चालू असल्याचं आधी सांगा.

आणि उलट बाजूनेही, तिच्या औषधांपासून प्राण्यांना. केमोनंतर साधारण ४८ तास तिच्या लघवीत, उलटीत औषध असतं (काही औषधांना जास्त दिवस, नर्सला विचारा), टॉयलेटचं झाकण बंद ठेवा, उलटीची बादली उघडी नको. फ्लुरोयुरॅसिल या कॅन्सरच्या औषधाचं त्वचेवर लावायचं मलम कुत्र्या-मांजरांना अगदी थोडं चाटलं तरी जीवघेणं ठरतं, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ साली त्याबद्दल इशारा दिला होता. वेदनेसाठी लावलेले फेंटॅनिलचे पॅच वापरून झाल्यावरही त्यात औषध उरतं, कचऱ्यात उघडे टाकायचे नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, औषधांचा डबा झाकणाचा आणि कपाटात.

अवघड बोलणं

हे कोणालाच करायचं नसतं, मी ते तीन महिने टाळलं. तिचं काही झालं तर कुठला प्राणी कोणाकडे, हे तिच्याकडून नावानिशी लिहून घ्या, आणि ज्याचं नाव लिहिलंय त्याला विचारूनच लिहा. व्हेटच्या नावाने एक सहीचं पत्र ठेवा की ती हॉस्पिटलात असताना ट्रीटमेंटचा निर्णय कोणी घ्यायचा, किती खर्चापर्यंत, आणि एखाद्या प्राण्याला कायमचं झोपवायची वेळ आली तर कोणी ठरवायचं. ती बेशुद्ध असताना तिचा तेरा वर्षांचा कुत्रा शेवटच्या घटका मोजायला लागला तर हा निर्णय आपल्या खांद्यावर येतो, आणि कागद असला की तिचा आवाज तरी सोबत असतो. मला वाटलं होतं विषय काढला की ती मोडून पडेल. तिने वही ओढून घेतली आणि दोन तासांत सव्वीसच्या सव्वीस नावं लिहून काढली, तिच्या डोक्यात ते सगळं आधीच ठरलेलं होतं, कोणी विचारत नव्हतं एवढंच.

याच्या जोडीला एक पथ्य पाळा. ती अ‍ॅडमिट असताना "तिचा भार हलका करू" म्हणून तिच्या नकळत एकही प्राणी कायमचा कोणाला देऊन टाकू नका. फॉस्टर म्हणजे फॉस्टर. अ‍ॅडॉप्शनला चांगलं घर आलं तर फोटो दाखवा, त्या लोकांशी तिचं फोनवर बोलणं करून द्या, हो किंवा नाही तिने म्हणायचं.

परत घरी

ट्रीटमेंट संपली म्हणजे मदत लगेच बंद करायची नसते. अंगात ताकद यायला महिने लागतात आणि खाण्याची पोती उचलणं, कुत्र्याला ओढून धरणं हे ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने बराच काळ जमत नाही. प्राणी एकदम सगळे परत आणू नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी मोठे, लस झालेले, शांत स्वभावाचे, मग बाकीचे, पिल्लं आणि अर्धवट जंगली सगळ्यात शेवटी. लिटर बॉक्सवाली माणसं आणखी काही महिने येत राहू देत, आणि महिन्याच्या देणगीवाल्यांना आधीच विचारून ठेवा की प्राण्यांच्या डब्यासाठी वर्षभर चालू ठेवाल का, आमच्याकडे पंचवीसपैकी अकरा जण हो म्हणाले.

जुना फोन तिने मागितला तर द्या, पण त्यावरची रात्रीची ड्युटी वाटून घेतलेली राहू दे. ताईकडे तो आता सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असतो, त्यानंतर आमच्यातल्या ज्याची पाळी असेल त्याच्याकडे.